फक्त वाचायला दिलेली फाइल : स्कॅन-वर्करच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आजपासून नोंदी. काम नारायण पेठेतल्या स्कॅनिंगच्या दुकानाचं. त्यांचा जुना कन्व्हर्टर काढून नवा बांधायचा आहे. गिऱ्हाईक जुने कागद आणतं, जमाखर्चाच्या वह्या, मोडीतली खतं, वाड्याचे नकाशे. ते स्कॅन करून पीडीएफ द्यायची, इथवर सरळ आहे. भानगड दुसऱ्या प्रकारच्या कामात आहे. लोक कुठून कुठून स्कॅन करून घेतलेल्या टिफ आणि जेपेग फायली पेनड्राइव्हवर आणतात आणि ‘यांचं एक नीट पुस्तक करून द्या’ म्हणतात. त्या फायली कोणी, कशावर बनवल्या, काही पत्ता नसतो. टिफ हा फॉरमॅट इतका ऐसपैस आहे की तो वाचणाऱ्या लायब्ररींमध्ये, लिबटिफ धरून, वर्षानुवर्षं सुरक्षेचे बग निघत आलेत. उद्या एखाद्या फायलीनं डीकोडर ताब्यात घेतला तर तो काय काय करू शकेल, एवढाच या प्रकल्पाचा प्रश्न.

सर्व्हर फ्रीबीएसडी १४.२ (युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टिम), मुळात झेडएफएस या फाइलसिस्टिमसाठी घेतलेला. सगळ्या गिऱ्हाइकांची मूळ स्कॅन त्यावर, एकाच युजरच्या नावानं. जुना कन्व्हर्टरही त्याच युजरखाली चालतो.

नवी मांडणी ठरवली ती अशी: मुख्य प्रोसेस फाइल उघडणार, वर्करला (डीकोड करणारी वेगळी प्रोसेस) नुसता डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलीचा क्रमांक, देणार, वर्कर डीकोड करून पीडीएफ लिहिणार आणि संपणार. एका फायलीला एक वर्कर, पुन्हा वापरायचा नाही.

दुकानाचे मालक (सगळेच त्यांना काका म्हणतात) ऐकून म्हणाले, “मग झालं की. फाइल फक्त वाचायला उघडून द्यायची. तो बिघडवणार कशी?”

प्रश्न रास्त आहे. बुधवारी करूनच दाखवतो म्हटलं.

४ जून, बुधवार

काका आणि इंटर्न, दोघांना बसवून केलेला प्रयोग. एक टिफ घेतली, तिची परवानगी ०४४४ केली, म्हणजे मालकालासुद्धा फक्त वाचता येईल. चार ओळींचा सी प्रोग्रॅम: फाइल ‘रीड-ओन्ली’ उघडायची, डिस्क्रिप्टर मिळाला ३. त्यावर राइट केलं, नकार आला. अपेक्षेप्रमाणे. मग त्याच ३ वर एफ-सीएच-मॉड (डिस्क्रिप्टरवरून परवानगी बदलणारा कॉल), ०६६६, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायला. चाललं. एरर नाही, काही नाही. डिरेक्टरीत बघितलं तर फाइल जगाला लिहिण्यासाठी मोकळी.

काका म्हणाले, “म्हणजे वाचायला दिलेल्या हातानं कुलूप उघडलं?”

तसंच. ‘रीड-ओन्ली’ हा शब्द फक्त रीड आणि राइट या दोन क्रियांबद्दल बोलतो. परवानगी बदलणं, मालक बदलणं, वेळेचे शिक्के बदलणं, यांना तो लागूच नाही. त्यांच्यासाठी कर्नल प्रोसेसचा युजर बघतो, आणि युजर तर आपलाच आहे.

मग तोच प्रोग्रॅम माझ्या लिनक्स लॅपटॉपवर. तिथे पुढची पायरीही आहे. प्रॉक फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक प्रोसेसचे उघडे डिस्क्रिप्टर नावानिशी दिसतात, आणि त्यातला ३ क्रमांक ‘लिहायला’ म्हणून पुन्हा उघडता येतो. लिनक्स ते नव्यानं ओपन केल्यासारखं धरतं आणि फाइलची आत्ताची परवानगी तपासतं, जी आपण क्षणापूर्वीच मोकळी केलेली. झालं, वाचायच्या डिस्क्रिप्टरपासून लिहायच्या डिस्क्रिप्टरपर्यंत दोन उड्यांत. फ्रीबीएसडीवर डेव्ह-एफडीतून ३ उघडला तर ते डिस्क्रिप्टरची नक्कल केल्यासारखं वागतं, मुळात नव्हता तो लिहिण्याचा हक्क येत नाही. ही दुसरी उडी तिथे जमली नाही. पहिली जमलीच.

इंटर्ननं विचारलं, “सर, मग वर्करला वेगळा युजर दिला तर?” चांगला विचार आहे, आणि लिनक्सवर तो करावाच लागणार असं दिसतंय. वेगळ्या युजरला एफ-सीएच-मॉड चालणार नाही. पण तो वेगळा युजरसुद्धा टेम्प डिरेक्टरीत फायली करू शकतो, नेटवर्कवर जाऊ शकतो, जगाला वाचायला मोकळ्या असलेल्या सगळ्या फायली वाचू शकतो. मला हवंय ते याहून बारीक.

६ जून, शुक्रवार

इंटर्नसाठी फळ्यावर काढलेलं इथे उतरवून ठेवतो, पुढे लागेल.

डिस्क्रिप्टर हा नुसता आकडा, प्रोसेसच्या तक्त्यातला ओळ क्रमांक. त्या ओळीतून बाण जातो ‘उघडलेल्या फाइलीच्या नोंदी’कडे. कुठवर वाचलं तो ऑफसेट आणि रीड-राइटचा मोड तिथे. तिथून पुढचा बाण खऱ्या फाइलीकडे. फोर्क केलं (प्रोसेसचीच नक्कल काढली), डिस्क्रिप्टरची नक्कल केली किंवा युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसला पाठवला, तर ओळ नवी होते पण मधली नोंद तीच राहते. परवानगीची तपासणी ओपनच्या वेळी एकदाच. बालगंधर्वच्या दारावर तिकीट एकदा फाडलं की आत पुन्हा कोणी विचारत नाही, तसं. त्यामुळेच डिस्क्रिप्टर दुसऱ्याला देता येतो आणि त्याचा उपयोग होतो. अडचण एवढीच की तिकिटावर दोनच गोष्टी लिहिता येतात, वाच आणि लिही.

कॅप्सिकम ही फ्रीबीएसडीतली यंत्रणा नेमकं हेच दुरुस्त करते. केंब्रिज विद्यापीठातले रॉबर्ट वॉटसन आणि जोनाथन अँडरसन, आणि गुगलमधले बेन लॉरी व क्रिस केनवे, यांनी २०१० मध्ये मांडलेलं. फ्रीबीएसडी ९ मध्ये ते प्रायोगिक म्हणून आलं, २०१४ च्या १० पासून नेहमीच्या कर्नलमध्ये चालू. दोन तुकडे आहेत. एक, प्रत्येक डिस्क्रिप्टरवर हक्कांची यादी लावता येते: रीड, सीक (पुढेमागे उडी), एफ-स्टॅट (फाइलीची माहिती विचारणं), एफ-सीएच-मॉड, एफ-ट्रंकेट (फाइल छाटणं), एम-मॅप (मेमरीत मॅप करणं), अशी कितीतरी. यादी फक्त आखडते, पुन्हा वाढवता येत नाही. नक्कल केली, सॉकेटवरून पाठवला, तरी हक्क सोबत जातात. दोन, प्रोसेसनं एकदा कॅप-एंटर म्हटलं की तिच्यासाठी सामाईक नावांचं जग बंद: पाथ देऊन ओपन नाही, दुसऱ्या प्रोसेसला नुसत्या क्रमांकानं सिग्नल नाही, नवं नेटवर्क कनेक्शन नाही. हातात असलेले डिस्क्रिप्टर तेवढी तिची दुनिया.

दोन्ही तुकडे लागतात. नुसते हक्क आखडले आणि नावांचं जग मोकळं ठेवलं, तर वर्कर तीच फाइल पाथ देऊन पुन्हा उघडेल.

हक्कांची यादी मधल्या नोंदीवर नसून तक्त्यातल्या ओळीवर असते, हे मला फार आवडलं. मुख्य प्रोसेसकडे पूर्ण हक्क, वर्करकडे कापलेले, आणि खालची उघडलेली फाइल एकच.

कल्पना जुनीच आहे, डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांच्या १९६६ च्या निबंधापासूनची. युनिक्सच्या डिस्क्रिप्टरवर ती इतकी अंगासरशी बसते, हे मात्र वापरल्याशिवाय कळत नाही.

११ जून, बुधवार

इनपुट डिस्क्रिप्टरला कोणते हक्क? दिवसभर याच्यावरच.

सुरुवात नुसत्या रीडनं केली. टिफ लगेच आडवी पडली. कारण टिफच्या हेडरमध्ये पाचव्या बाइटपासून पहिल्या डिरेक्टरीचा पत्ता असतो, आणि ती डिरेक्टरी फायलीच्या टोकालाही असू शकते. पुढेमागे उड्या मारल्याशिवाय टिफ वाचताच येत नाही. सीक दिला. मग लिबटिफ फाइलीचा आकार विचारायला एफ-स्टॅट करते. तोही दिला.

पुढचा एम-मॅप. लिबटिफ वाचायची फाइल शक्यतो मेमरीत मॅप करून घेते. हा हक्क द्यावा की नाही यावर इंटर्नशी बराच वाद झाला. तिचं म्हणणं, मॅपिंग वेगवान, देऊन टाकू, वाचायचंच मॅपिंग देता येतं. माझं म्हणणं, मॅप केलेली फाइल मधेच कोणी छाटली तर वर्करला सिगबस (मेमरीचा पत्ता चुकल्याचा सिग्नल) येऊन तो मरतो, आणि इथे शेअरवरून (नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरातून) लोक फायली बदलत असतात. शिवाय हक्क नसला तर लिबटिफ गुपचूप साध्या रीडवर उतरते, अडून बसत नाही. न देण्याचं ठरलं. जो हक्क न देता काम भागतं तो द्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळतोय.

जेपेगची गंमत वेगळी. तिथे आपला कोड डिस्क्रिप्टरवरून स्टँडर्ड लायब्ररीचा फाइल-पॉइंटर बनवतो, एफडी-ओपन वापरून. ते आतल्या आत डिस्क्रिप्टरचे फ्लॅग विचारतं, एफ-सीएनटीएलनं, आणि तो वेगळा हक्क आहे. सरसकट दिला तर वर्करला फ्लॅग बदलताही येतील, आणि हे फ्लॅग मधल्या सामाईक नोंदीवर असतात. म्हणजे वर्करनं ‘नॉन-ब्लॉकिंग’ लावलं की मुख्य प्रोसेसचाही डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग. सुदैवानं कॅप्सिकममध्ये या एका हक्काच्या आतही फोड करता येते: फ्लॅग विचारायची परवानगी, बदलायची नाही. तेवढीच दिली.

शेवटची यादी: रीड, सीक, एफ-स्टॅट आणि फ्लॅग विचारणं. परवाचा प्रयोग परत चालवला. एफ-सीएच-मॉडवर ई-नॉट-केपेबल (हा हक्क नाही), एरर क्रमांक ९३. काकांना दाखवलं. “हां, आता कसं,” म्हणाले आणि चहा सांगितला.

१२ जून

स्टँडर्ड इनपुट-आउटपुट-एररचं काम अर्ध्या तासात. पहिल्यांदा छापताना लायब्ररी ‘हे टर्मिनल आहे का’ म्हणून आय-ओ-कंट्रोल करते, ते अडतं. फ्रीबीएसडीमध्ये यासाठी तयार मदतनीस फंक्शन आहे, तिन्हींना नेमके हक्क लावून देतं. वापरलं, पुढे गेलो.

१७ जून, मंगळवार

विचित्र प्रकार. वर्करच्या लॉगमधल्या वेळा मुख्य प्रोसेसच्या वेळांपेक्षा बरोब्बर साडेपाच तास मागे. दुपारी सव्वातीनला चालवलेलं काम लॉगमध्ये पावणेदहाला.

साडेपाच तास म्हटल्यावर भारतात कोणालाही यूटीसी आठवेल. स्थानिक वेळ काढणारं फंक्शन पहिल्या वापराच्या वेळी ईटीसीमधली लोकलटाइम फाइल उघडतं. आपण तोवर कॅप-एंटर केलेलं, म्हणजे पिंजऱ्यात शिरलेलो. फाइल उघडत नाही, फंक्शन तक्रारही करत नाही, मुकाट यूटीसी धरून चालतं. उपाय एका ओळीचा: पिंजऱ्यात शिरण्याआधी टाइमझोन वाचून ठेवायचा. त्यासाठीही मदतनीस फंक्शन आहे, म्हणजे हा अनुभव आपल्याआधी बऱ्याच जणांना आलेला.

या जातीच्या गोष्टी आणखी असणार. एरर संदेशांची भाषांतरं, अक्षरसंचांचे रूपांतर करणारे मॉड्यूल, जे काही लायब्ररी ‘लागेल तेव्हा’ उघडते ते सगळं. पिंजऱ्यात शिरणं ही एक ओळ आहे. त्याआधी काय काय उघडून ठेवायचं ते शोधण्यात सगळा वेळ जातो.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. पेठांमधले रस्ते बंद, दुकानही अर्धा दिवस. घरूनच काम.

के-ट्रेस (प्रोसेसच्या कर्नल-कॉलची नोंद ठेवणारं साधन) वापरून वर्करची सगळी नकारघंटा गोळा केली. त्याला ‘फक्त हक्कांचे नकार दाखव’ असं सांगता येतं, आणि मग तो अमुक क्रियेला हा हक्क लागतो, डिस्क्रिप्टरकडे हे हक्क आहेत, असं समोरासमोर छापतो. सुरक्षेच्या बाबतीत एरर इतकी स्पष्ट मिळणं दुर्मीळ. साठवलेल्या जुन्या फायलींचा अख्खा गठ्ठा त्याखालून काढला. बाकी फक्त फाँटचे नकार उरलेत.

२४ जून, मंगळवार

आउटपुट डिस्क्रिप्टर. इथे मनाजोगतं निघालं.

पीडीएफमध्ये कोणता घटक कितव्या बाइटवर आहे याचा तक्ता फायलीच्या शेवटी असतो. त्यामुळे पीडीएफ सरळ वरून खाली लिहीत जाता येते, मागे येऊन दुरुस्ती करावी लागत नाही, फक्त किती बाइट लिहिले ते आपण मोजत राहायचं. म्हणून आउटपुटला एकच हक्क दिला: राइट. सीक नाही, ट्रंकेट नाही, रीडसुद्धा नाही. वर्कर पान ४० वर डीकोडरच्या बगला बळी पडला तरी आधीची ३९ पानं त्याला खोडता येत नाहीत. फार मोठी गोष्ट नाही, तरी फुकट मिळतेय. डिस्कवर पक्कं करणं आणि शेवटी खरं नाव देणं हे मुख्य प्रोसेसचं काम.

इंटर्ननं कोड वाचताना एक जागा काढली. मुख्य प्रोसेस मूळ फायलीचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) काढते, त्याच वेळी वर्कर तीच फाइल वाचतो. हक्क वेगळे असले तरी ऑफसेट सामाईक. वर्करनं उडी मारली की मुख्य प्रोसेसचा पुढचा रीड तिथून, आणि हॅश चुकीचा. मुख्य प्रोसेसमध्ये साध्या रीडऐवजी पी-रीड वापरायचं ठरलं, जे ऑफसेट स्वतः सांगतं आणि सामाईक ऑफसेटला हात लावत नाही. पोरगी हुशार आहे. दुसऱ्यांदा फाइल उघडणं हाही उपाय होता, पण दुसऱ्यांदा उघडेपर्यंत त्या नावाखाली दुसरीच फाइल नसेल याची खात्री कोण देणार?

३० जून, सोमवार

फाँट. पुस्तकाच्या पहिल्या पानावर घराण्याचं नाव, गाव, वहीचं वर्ष छापतो, त्यासाठी देवनागरी फाँट लागतो.

पहिला विचार: फाँटच्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर द्यायचा. कॅप्सिकममध्ये डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवरून तिच्या आतल्या फायली उघडता येतात, आणि उघडलेल्या फायलीला डिरेक्टरीचेच हक्क मिळतात, जास्त नाही. डिरेक्टरीबाहेर वर चढून जाता येत नाही. नीटनेटकं आहे. पण मग फाँट शोधणारी लायब्ररी, तिची कॅश, तिची सेटिंगची फाइल, असं लटांबर मागे येतं. आणि आपल्याला फाँट एकच हवाय, नोटो सॅन्स देवनागरी.

तेव्हा डिरेक्टरी बाद. पिंजऱ्यात शिरण्याआधी फाँट मेमरीत वाचायचा आणि फ्रीटाइपला (फाँट वाचणारी लायब्ररी) पाथ न देता मेमरीतला पत्ता द्यायचा, तशी सोय त्यात आहे. ‘क्ष’ आणि ‘र्‍या’ नीट जुळतात का बघितलं. जुळतात.

३ जुलै, गुरुवार

आज वर्करकडे काय काय उघडं आहे ते बघितलं. प्रॉकस्टॅट हे प्रत्येक डिस्क्रिप्टरसमोर त्याचे हक्क छोट्या खुणांनी छापतं. ०, १, २ (स्टँडर्ड इनपुट-आउटपुट-एरर), ३ (इनपुट), ४ (आउटपुट) अपेक्षेप्रमाणे. त्याशिवाय ७ आणि ९. ७ म्हणजे कामांच्या डेटाबेसची फाइल, ९ म्हणजे शेअरच्या मूळ डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर. दोन्ही मुख्य प्रोसेसकडून वारशानं आलेले, पूर्ण हक्कांसकट. डेटाबेसची लायब्ररी आपल्या नकळत काय उघडून ठेवते त्याला आपण काय करणार, पण वर्करकडे ते जायला नको.

९ क्रमांकाचा तर खास धसका. जानेवारी २०२४ मध्ये कंटेनर (प्रोग्रॅमला होस्ट मशीनपासून वेगळं कोंडणारी चौकट) चालवणाऱ्या रन-सीमध्ये हेच सापडलं होतं. होस्टच्या सी-ग्रुप डिरेक्टरीचा एक डिस्क्रिप्टर आत गळायचा. कंटेनरची कामाची डिरेक्टरी म्हणून प्रॉकमधून त्याच डिस्क्रिप्टरचा पत्ता दिला की होस्टची फाइलसिस्टिम हाताशी. १.१.१२ मध्ये दुरुस्त झालं. बाहेरून कितीही भिंती बांधल्या तरी आत राहिलेल्या एका डिस्क्रिप्टरनं सगळं वाया.

कॅप्सिकमही इथे तारत नाही. ज्याच्यावर आपण यादीच लावली नाही तो डिस्क्रिप्टर पूर्ण हक्कांचा. म्हणून क्रम पक्का केला: इनपुट ३ वर, आउटपुट ४ वर आणायचा, ५ पासून पुढचं सगळं क्लोज-फ्रॉमनं बंद, मग वर्करचा प्रोग्रॅम एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणं), त्याच्या मेनमध्ये हक्क आखडणं आणि मग कॅप-एंटर. शिवाय आपण उघडतो ते सगळे ‘क्लोज-ऑन-एक्झेक’, म्हणजे एक्झेक होताच आपोआप बंद. नुसत्या फोर्कवर न थांबता एक्झेक मुद्दाम घेतलं, नाहीतर मुख्य प्रोसेसची सगळी मेमरी वर्करकडे येते, त्यात डेटाबेसचा पासवर्डही.

८ जुलै, मंगळवार

लिनक्सची बाजू. एका संस्थेला हाच कन्व्हर्टर त्यांच्या उबुंटू २४.०४ वर हवाय, आणि काकांनी हो म्हणून टाकलंय.

लिनक्समध्ये डिस्क्रिप्टरवर हक्क लावण्याची अशी सोय नाही. कॅप्सिकम लिनक्सवर आणायचे पॅच २०१४ मध्ये पाठवले गेले होते, मुख्य कर्नलमध्ये गेले नाहीत. जे आहे ते निराळ्या बाजूंनी.

सेक-कॉम्प: प्रोसेसनं कोणते सिस्टिम कॉल करायचे ते गाळतं. एफ-सीएच-मॉड अजिबात नको म्हणता येतं. पण ते प्रोसेसला लागू, डिस्क्रिप्टरला नाही. डिस्क्रिप्टरचा आकडा तपासता येतो, म्हणजे ‘सीक फक्त ३ वर’ असं लिहिता येतं, पण ३ वर खरंच काय बसलंय हे गाळणीला कळत नाही. पॉइंटरच्या पलीकडचं तर दिसतच नाही. याचा त्रास खरा आहे: ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३३ मध्ये एफ-स्टॅट आतून दुसऱ्या सिस्टिम कॉलवर गेला, जो रिकामा पाथ घेतो. पाथ रिकामा आहे की नाही हे गाळणी बघू शकत नाही, आणि क्रोमियमसकट अनेकांचे सँडबॉक्स त्यावर अडले. आपल्या कोडमध्ये एक अक्षर न बदलता.

लँडलॉक: मिकाएल सालाऊन यांचं काम, लिनक्स ५.१३ पासून, २०२१. साध्या प्रोसेसलाही स्वतःवर फाइलींचे निर्बंध घालून घेता येतात. एकही नियम न देता सगळं बंद केलं की प्रॉकमधून फाइल पुन्हा उघडण्याची ती दुसरी उडीही बंद, तपासून बघितलं. पण आधीच उघडलेल्या डिस्क्रिप्टरवरचं एफ-सीएच-मॉड लँडलॉकच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा तिसरा मार्ग, आणि मला तोच सगळ्यांत पटला: वर्करला मूळ फाइल द्यायचीच नाही. मुख्य प्रोसेस मेम-एफडीनं मेमरीत एक निनावी फाइल करते, मूळ फाइल तिच्यात उतरवते आणि तिला सील ठोकते: लिहिणं बंद, वाढणं बंद, आखडणं बंद, आणि नवं सील लावणंही बंद. लिनक्स ३.१७ पासून आहे हे. सील त्या फाइललाच लागतं, त्यामुळे कोणत्याही डिस्क्रिप्टरवरून, कसाही पुन्हा उघडला तरी, लिहिता येत नाही. वर्करनं परवानगी बदलली तर बदलू दे, ती एका नकलेची बदलेल, मूळ स्कॅन शेअरवर सुखरूप. आखडणं बंद असल्यानं एम-मॅपवरचा माझा आक्षेपही इथे उरत नाही. इंटर्नला सांगितलं, लिनक्सवर तुझं मॅपिंग वापर.

किंमत मेमरीची. ए-फोर पान ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल, रंगीत आणि कॉम्प्रेशनशिवाय असेल तर एका पानाला सुमारे १०.४ कोटी बाइट. शंभर पानांची टिफ एकगठ्ठा अशी उतरवता येणार नाही. लिनक्सवर पानागणिक तुकडे करावे लागतील, आणि तुकडे करायचे तर टिफ समजून घ्यावी लागेल, आणि ते तर मुख्य प्रोसेसनं करायचं नाही. यावर आजचा निर्णय: ठरावीक आकाराच्या वरच्या फायली लिनक्सवर मेम-एफडीतून नेणारच नाही. त्यांच्यासाठी वेगळा युजर, लँडलॉक आणि सेक-कॉम्प तिन्ही. ओबडधोबड आहे. फ्रीबीएसडीवर जे चार ओळींत होतं त्याला इथे तीन यंत्रणा लागतात आणि त्या तिघींची बेरीज नेमकी किती हे सांगायला एक पान लागतं. काकांना तसं सांगितलंय.

१४ जुलै, सोमवार

आज मुख्य प्रोसेसकडे वळलो. वर्करला कोंडलं पण फायली उघडते ती ही.

पेनड्राइव्हवर गिऱ्हाईक पानांचा क्रम सांगणारी यादी देतं, साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक नाव. मुख्य प्रोसेस ते नाव डिरेक्टरीच्या पाथला जोडून उघडायची. यादीत ‘वरच्या डिरेक्टरीत जा, मग शेजारच्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरात’ असं नाव आलं तर? उघडेल, कारण मुख्य प्रोसेसला सगळ्यांच्याच फायली वाचता येतात. दुसऱ्याच्या वहीची पानं पहिल्याच्या पुस्तकात बसतील. यात डीकोडरचा बगही लागत नाही, टिफ अगदी सोज्वळ असेल. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये मांडलेला ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ तो हाच: नाव एकाचं, अधिकार दुसऱ्याचा, आणि मधला बिचारा दोन्हींची गल्लत करतो.

बदल: प्रत्येक कामाच्या सुरुवातीला त्या गिऱ्हाइकाची डिरेक्टरी उघडायची, पुढची सगळी नावं त्या डिस्क्रिप्टरसापेक्षच उघडायची, आणि ‘या डिरेक्टरीच्या बाहेर जायचं नाही’ हा फ्लॅग लावायचा. फ्रीबीएसडीवर ओपन-अॅटला तसा फ्लॅग आहे, लिनक्सवर ५.६ पासून ओपन-अॅट-२ मध्ये. ‘..’ हाताने गाळायचा मोह टाळला. सिमलिंक (दुसऱ्या पाथकडे नेणाऱ्या फायली) उरतातच. पेनड्राइव्हच्या फॅट फाइलसिस्टिमवर सिमलिंक नसतात म्हणून निर्धास्त राहू नये, लोक झिपही आणतात.

१८ जुलै, शुक्रवार

शत्रू-वर्कर. खऱ्या वर्करच्या जागी मुद्दाम वाईट वागणारा प्रोग्रॅम बसवला, त्याला तेच ३ आणि ४ दिले. परवानगी बदल, इनपुट छाट, आउटपुटवर मागे जा, पासवर्डची फाइल उघड, बाहेर कनेक्ट कर, मुख्य प्रोसेसला मार. फ्रीबीएसडीवर सगळे नकार, प्रत्येक नकार योग्य त्या कारणानं आला का तेही बघितलं. ई-नॉट-केपेबल म्हणजे डिस्क्रिप्टरवर हक्क नाही, ई-कॅप-मोड म्हणजे ही क्रिया पिंजऱ्यातच नाही. दोन्हींत फरक आहे: पहिला आला म्हणजे आपली यादी काम करतेय. हा प्रोग्रॅम आता प्रत्येक बिल्डला चालेल. नव्या आवृत्तीची लिबटिफ आली की कोणीतरी घाईत एक हक्क वाढवणार, तो इथे दिसला पाहिजे.

दोन गोष्टी हक्कांच्या यादीत बसल्या नाहीत. एक, वर्कर अनंत फिरत बसला किंवा मेमरी खात सुटला तर कॅप्सिकम काही म्हणत नाही. त्याला साधी आर-लिमिट (प्रोसेसच्या वापरावरची मर्यादा), सीपीयू आणि मेमरी दोन्हींवर, लावून टाकली.

दुसरी जास्त नाजूक. वर्करला ४ वर लिहिण्याचा हक्क आहे, पण काय लिहायचं यावर बंधन नाही. ताब्यात गेलेला वर्कर हवी तशी पीडीएफ लिहील. आणि आपण मुख्य प्रोसेसमध्ये ती पीडीएफ उघडून काउंटरच्या स्क्रीनसाठी पहिल्या पानाचं छोटं चित्र काढतो! म्हणजे वर्करनं बनवलेली, भरवसा नसलेली फाइल पूर्ण अधिकारांच्या प्रोसेसमध्ये पार्स होते. ते चित्र काढणंही आता दुसऱ्या वर्करकडे, त्याला इनपुट म्हणून पीडीएफ आणि आउटपुट म्हणून कच्चे पिक्सेल, ठरलेल्या लांबी-रुंदीचे. मुख्य प्रोसेस बाइट मोजेल आणि स्क्रीनवर टाकेल, वाचणार काहीच नाही. इंटर्ननं काम घेतलंय, पुढच्या आठवड्यात. तोवर काउंटरवर चित्र दिसणार नाही. काकांची कुरकुर झाली, पण “चालेल, गिऱ्हाइकाला पुस्तकच दाखवू” म्हणाले.